सह्या कुणी केल्या?

१८ मे २०२५, रविवार, दुपारचे साडेचार. ठाण्यात नौपाड्यातल्या मावशीच्या घरी पंखा पाचावर फिरत होता, टीपॉयवर हापूसच्या साली पडल्या होत्या आणि माझा मावसभाऊ गळ्यात निळा लोकरीचा मफलर घालून टीव्हीसमोर बसला होता. मे महिन्यात, ठाण्यात! घामोळं उठेल म्हणून मावशी दोनदा ओरडून गेली होती. लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्क या स्टेडियमवर एव्हर्टन या फुटबॉल क्लबच्या पुरुष संघाचा शेवटचा सामना चालू होता, साउदॅम्प्टनविरुद्ध. इलिमान एन्डियायेने मध्यंतराच्या आतच दोन गोल मारले, एव्हर्टन २-० जिंकलं, आणि हा एकोणचाळीस वर्षांचा बाप्या डोळे पुसत होता.

मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. “हरले का रे?”

“जिंकले.”

“मग रडतोस कशाला?”

“स्टेडियम सोडतायत. एकशे तेहतीस वर्षं होते तिथे.”

“तू कधी गेलायस तिथे?”

“नाही.”

मावशी हसली. मग सालींची ताटली उचलता उचलता तिने विचारलं, “बिल्डरला दिलं का?” तो म्हणाला, नाही गं, क्लबनेच नदीकाठी नवीन बांधलंय, मोठं. त्यावर ती म्हणाली, “असू दे. पण सह्या कुणी केल्या?”

हा प्रश्न मावशीच्या तोंडी यायला कारण आहे. तिची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा तिने सात महिने सही अडवून धरली होती. कमिटीचे लोक येऊन चहा पिऊन जायचे, आणि ही आर्किटेक्टचा नकाशा जमिनीवर पसरून एकच विचारायची, की माझ्या तुळशीला ऊन कुठून येणार. शेवटी स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला फिरवून घेतली, तेव्हा कुठे सही दिली. म्हणजे जुनं पाडू नये असं तिचं मुळीच म्हणणं नव्हतं. लिफ्ट तिलाही हवीच होती, गुडघे तिचेच दुखत होते. आपल्याला विचारल्याशिवाय पाडू नये, एवढाच तिचा हट्ट.

आवडतं जुनं स्टेडियम सोडताना फुटबॉलच्या चाहत्यांना जे वाटतं त्याच्याकडे आपण हळवेपणा म्हणून बघतो. क्लबही तसंच बघतात, आणि हळवेपणा विकता येतो हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. निरोपाच्या मोसमाचे खास शर्ट निघतात, खुर्च्या उखडून लिलावात जातात, गवताचे चौकोनी तुकडेसुद्धा विकले जातात. माझं म्हणणं असं, की त्या रडण्यात एक हक्क दडलेला असतो आणि मावशीने दोन मिनिटांत त्याच्यावर बोट ठेवलं. ज्यांनी वर्षानुवर्षं येऊन एखाद्या जागेची किंमत वाढवली त्यांना ती जागा हलवताना विचारायला हवं. लिव्हरपूलमध्ये विचारायला हवं आणि नवी मुंबईतल्या घणसोलीतही.

आधी मावशीच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते खरोखर आहे. एव्हर्टनचे मालक बरीच वर्षं गुडिसन सोडायच्या खटपटीत होते. २००७ मध्ये त्यांनी शहराच्या हद्दीबाहेर, किर्कबी इथे स्टेडियम बांधायचा घाट घातला आणि चाहत्यांचं चक्क मतदान घेतलं. साधारण ५९ टक्के लोक हो म्हणाले. उरलेले गप्प बसले नाहीत. ‘आमचा क्लब आमच्याच शहरात’ म्हणत त्यांनी मोहीम चालवली, सरकारी चौकशीत जाऊन बाजू मांडली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटिश सरकारने तो प्रकल्प नाकारला. पुढे जागा ठरली ती ब्रॅमली-मूर डॉकची. जुन्या बंदरातली, मर्सी नदीच्या काठची, गुडिसनपासून तीनेक किलोमीटरवरची. म्हणजे मैदान बदललं तरी गाव सुटलं नाही. शहराने त्याचीही किंमत मोजली. २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलला जागतिक वारशाच्या यादीतून काढलं, त्यात बंदराच्या पट्ट्यातल्या या बांधकामाचाही उल्लेख होता. एकाचा वारसा टिकवायला दुसऱ्याच्या वारशावर पाय पडला. असले व्यवहार स्वच्छ कधीच नसतात.

आणि ज्या गुडिसनसाठी हे अश्रू, त्याचा जन्मच मुळी एक मैदान सोडण्यातून झालेला. १८९२ पर्यंत एव्हर्टन खेळायचं ते अ‍ॅनफिल्डवर! जागेच्या मालकाशी भाड्यावरून वाजलं, क्लब बाडबिस्तरा उचलून पार्कच्या पलीकडे निघून गेला, आणि मोकळ्या पडलेल्या अ‍ॅनफिल्डवर मालकाने नवा संघ उभा केला. त्याचं नाव लिव्हरपूल. शेजाऱ्याशी आजवर चाललेलं हे हाडवैर सुरू झालं ते घरभाड्याच्या भांडणातून. भाडेकरू-मालक हा विषय ठाणेकरांना समजावून सांगायची गरज नसावी.

मग माणसं त्या जागेत इतकी अडकतात कशी? गुडिसनच्या एका कोपऱ्यात, दोन स्टँडच्या मधोमध, सेंट ल्यूकचं चर्च आहे. स्टेडियम वाढवताना चर्चला वळसा घालावा लागला. बुलन्स रोडच्या बाजूला स्टँडच्या कठड्यावर लोखंडी पट्ट्यांची फुल्या-फुल्यांची नक्षी आहे, आर्किबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याची खूण. मैदानाच्या कडेच्या मातीत शेकडो चाहत्यांची रक्षा आहे. घरचे लोक रक्षा घेऊन येत राहिले, आणि जागा उरेना म्हणून २००४ मध्ये क्लबला ते थांबवावं लागलं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रामकुंड आठवलं. बापाची रक्षा जिथे आहे ती जमीन सातबाऱ्यावर कुणाच्याही नावे असेना, पोराच्या लेखी ती कुणाची असते?

नुसत्या वयाने मात्र जागा लाडकी होत नाही. याचा दाखला आमच्या दारातच आहे. मी नवी मुंबईत, नेरूळला राहतो. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी एफसी या संघाचं घर होतं आमच्या नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. १८ ऑक्टोबर २०१४ ला घरच्या पहिल्याच सामन्यात मुंबईने पुण्याला ५-० असं झोडपलं, आंद्रे मोरित्झने तीन गोल मारले, त्या लीगमधली ती पहिलीच हॅटट्रिक. एवढा मुहूर्त लागूनही २०१४ आणि २०१५ असे दोन मोसम झाले, आणि २०१६ ला संघ अंधेरीच्या छोट्या मैदानावर गेला. नेरूळमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. अंधेरीला जायला गाड्या कुठे बदलायच्या याचा हिशेब केला आणि टीव्ही लावला.

का बरं कुणाला काही वाटलं नाही? माझ्या मते स्टेडियम म्हणजे निम्मं स्टेडियम आणि निम्मा तिथे जायचा रस्ता. स्टेशन, पूल, पुलाखालचा वडापाव, दर वेळी भेटणारा तोच शेजारी, हरल्यावर परतीच्या वाटेवर शिव्या घालायचं ठरलेलं ठिकाण. दोन पावसाळ्यांत हे अंगवळणी पडत नाही. हंगाम दोन-तीन महिन्यांचा आणि घरचे सामने सातच. ओळख होईपर्यंत निरोप. त्यात जागा खासगी, कार्यक्रम असला की दरवाजा उघडतो, नाहीतर आम्ही ती हायवेवरून जाताना बघतो. तिथे उत्तम गोष्टी घडल्या आहेत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात स्पेनने मालीला उपांत्य सामन्यात ३-१ असं हरवलं ते इथेच, २०२२ मध्ये मुलींच्या त्याच स्पर्धेचा अंतिम सामना झाला तोही इथेच. त्या सगळ्या पाहुण्यांच्या पंगती. आम्ही जेवलो, ताट उत्तम होतं, पण घर आमचं नव्हतं.

२ नोव्हेंबर २०२५ ची, महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची रात्र याला अपवाद म्हणावी लागेल. पावसाने सामना दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमाराला हरमनप्रीतने मागे धावत तो झेल घेतला. भारताच्या मुली विश्वविजेत्या झाल्या. आमच्या सोसायटीतल्या आज्या बाल्कनीत येऊन थाळ्या वाजवत होत्या. त्या रात्रीपासून नेरूळकर ‘आपलं स्टेडियम’ म्हणायला लागले, हे मी कानांनी ऐकतोय. फुटबॉलवाल्यांनी क्रिकेटचा हेवा करायची ही पहिलीच वेळ नव्हे!

मुंबई सिटीच्या चाहत्यांची आणखी एक गंमत आहे. क्लबचं पहिलं मोठं यश २०२०-२१ चं. करोनामुळे अख्खी लीग गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवली गेली. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला आणि मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ असं हरवलं. चषक आला, पण तो क्षण ज्या पायरीवर बसून बघितला ती पायरीच कुणाकडे नाही. ‘तेव्हा तू कुठे होतास?’ या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच, घरी सोफ्यावर.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. जुन्या स्टेडियमनी माणसं मारली आहेत. ११ मे १९८५ ला इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये लाकडी स्टँडला आग लागली. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं खाली पडलेला कचरा पेटला आणि काही मिनिटांत सगळं छप्पर जळालं. ५६ माणसं गेली. ते लाकडी छप्पर काढून लोखंडी बसवायचं ठरलेलं होतं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लोखंडी जाळीत चेंगरून माणसं मेली, आज तो आकडा ९७ आहे. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची हवी अशी शिफारस केली, आणि तिथून इंग्लंडमध्ये स्टेडियम बदलायची लाट आली. ज्या लीचच्या नक्षीचं मी मघाशी कौतुक केलं, त्याच लीचने बांधलेल्या ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा स्टँड १९०२ मध्ये कोसळून २५ जण दगावले होते. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २०१७ मध्ये जी २३ माणसं चेंगरून गेली, त्यांच्या शहरात राहून मी ‘जुन्याची मजा वेगळीच’ असं म्हणणं शोभत नाही. अरुंद जिना हा अरुंदच असतो, तो कितीही आठवणींचा असो.

तेव्हा बदल हवाच. वाद आहे तो किती लांब जायचं आणि कुणाच्या शब्दावर, यावर. लंडनच्या आर्सेनल क्लबने २००६ मध्ये हायबरी हे मैदान सोडलं आणि चालत दहा मिनिटांवर गेले. ३८ हजारांच्या जागी ६० हजार माणसं मावू लागली. हायबरीच्या जागी फ्लॅट झाले, पण १९३६ च्या पूर्व स्टँडचा दर्शनी भाग वारसा म्हणून राखला, आणि खेळाच्या पट्टीवर आता फ्लॅटवाल्यांची बाग आहे. लोक चुकचुकले आणि सवयीला लागले. लंडनच्याच वेस्ट हॅम क्लबचं तसं जमलं नाही. २०१६ मध्ये ते अप्टन पार्कच्या गल्लीतून निघून ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमवर गेले. ते धावपटूंच्या मापाचं. खुर्च्या मैदानापासून लांब, कॉर्नर मारणाऱ्याच्या मानेवर प्रेक्षकाचा श्वास लागायचा तो गेला. मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्ध हरताना लोक मैदानात घुसले आणि मालकांच्या कक्षाखाली उभे राहून ओरडले. आपल्याकडे सगळ्या खेळांसाठी म्हणून एकच ‘बहुउद्देशीय’ संकुल बांधायची जी हौस आहे, तिच्या मंडळींनी अर्धा तास तिथल्या वरच्या रांगेत बसून यावं.

आणि विंबल्डन. टेनिसचं नव्हे, फुटबॉलचं. लंडनमधल्या त्या क्लबला २००२ मध्ये परवानगी मिळाली ती मिल्टन कीन्स या शहरात जायची, जुन्या घरापासून सुमारे ९० किलोमीटर. चाहत्यांना वाटलं की आपला क्लब कुणीतरी उचलून नेला. त्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब काढला, बऱ्याच खालच्या पायरीपासून खेळत वर आले, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्लाउ लेनवर, आपल्या मूळ गल्लीत, स्वतःच्या मैदानावर परतले. लंडनच्याच चार्ल्टन क्लबच्या लोकांचा मार्ग आणखी आपल्या ओळखीचा. १९८५ मध्ये क्लबने ‘व्हॅली’ हे मैदान सोडलं. परत जायला स्थानिक पालिका बांधकामाची परवानगी देईना. तेव्हा १९९० च्या पालिका निवडणुकीत चाहत्यांनी ‘व्हॅली पार्टी’ काढली. एकच मुद्दा, मैदान. १४,८३८ मतं पडली. नगरसेवक एकही आला नाही, पण पालिकेला घाम फुटला, आणि ५ डिसेंबर १९९२ ला क्लब घरी परतला. नवी मुंबईच्या एखाद्या वॉर्डात कुणी नुसत्या मैदानाच्या मुद्द्यावर उभा राहिला तर काय होईल, हे मला खरंच बघायचंय. अनामत जाईल, ठीक आहे. पण इतरांच्या जाहीरनाम्यात मैदान हा शब्द येईल.

या सगळ्या भांडणांचा परिणाम कायद्यात उतरला आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. त्यानुसार इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबला आपलं मैदान विकायचं किंवा हलवायचं तर स्वतंत्र नियामकाची मंजुरी लागते, आणि अशा गोष्टींत चाहत्यांशी बोलावं लागतं. शतकभर ज्याला हळवेपणा म्हटलं त्याला आता कलमाचा आधार मिळाला.

इकडे बघू. २००३ मध्ये राज्य सरकारने घणसोलीत २० एकर जागा शासकीय क्रीडा संकुलासाठी ठरवली. वर्षं गेली, संकुल काही उभं राहिलं नाही. दरम्यान सिडकोने त्यातला भाग घरबांधणीसाठी खासगी विकासकाला दिला. मग २०२१ मध्ये सरकारने ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या नाणोरे गावी होईल. अंतर साधारण ११५ किलोमीटर. विंबल्डनच्या लोकांनी ९० किलोमीटरसाठी जग डोक्यावर घेतलं होतं. इथे ११५ किलोमीटर गेलेल्या मैदानाचा तर एक सामनाही झाला नव्हता. वास्तुविशारदांच्या संघटनेची नवी मुंबई शाखा न्यायालयात गेली, जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. वास्तुविशारद लढले, त्यांना सलाम. पण खेळाडू कुठे होते? चाहते कुठे होते? मी कुठे होतो? मी बहुधा त्या आठवड्यात आर्सेनल नवा स्ट्रायकर घेणार का यावर कुणाशी तरी वाद घालत होतो.

माझ्या मते ही गोष्ट गुडिसनपेक्षा जास्त दुखायला हवी, आणि दुखत नाही याचं कारण सरळ आहे. जिथे आपण कधी खेळलो नाही, जिथे हरून रडलो नाही, त्या जागेची आठवण नसते, आणि आठवण नसली की भांडायला बळ येत नाही. म्हणून जे मैदान अजून झालेलं नाही ते हलवणं सर्वांत सोपं. ठाण्यात गावदेवी मैदानाखाली वाहनतळ खोदायला घेतला तेव्हा निदान आरडाओरडा झाला, कारण तिथे दोन-तीन पिढ्यांचे गुडघे फुटले होते. नकाशावरच्या हिरव्या चौकोनात कुणाचाच गुडघा फुटलेला नसतो.

आणि इथे कायद्याची गंमत बघा. माझ्या मावशीच्या वीस-बावीस बिऱ्हाडांच्या इमारतीचा पुनर्विकास करायचा, तर सोसायटीची सर्वसाधारण सभा लागते, निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर विकासक निवडावा लागतो, निम्म्याहून जास्त सभासदांची संमती लागते, सभेचं चित्रीकरण लागतं. २० एकरांचं मैदान ११५ किलोमीटर लांब न्यायचं तर मंत्रालयातला एक निर्णय पुरतो. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, हे मला माहीत आहे. मीही एकदा दिली आहे. वर्तमानपत्रातल्या मुंगीएवढ्या जाहिरातीतून मुदत शोधायची, कार्यालयीन वेळेत दोन प्रतींत अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. सुनावणीला बोलावलं तेव्हा समोरच्या साहेबांनी विचारलं, तुमचा प्लॉट कुठला? म्हटलं, प्लॉट नाही, मुलगी तिथे फुटबॉल खेळते. त्यांनी ‘बाधित नाही’ असं काहीतरी लिहिलं असावं, कारण पुढचा नंबर पुकारला.

मुलगी आता टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर खेळते. तासाच्या भाड्याने, जाळीत, दिव्यांखाली. घरी आली की मोज्यांतून रबराचे काळे दाणे फरशीवर सांडतात, सोफ्याखाली महिनाभर सापडत राहतात. टर्फला मी नावं ठेवणार नाही, पावसाळ्यात तेच कामी येतं. पण तास संपला की शिट्टी होते आणि पुढचे अकरा जण दारात उभेच असतात. खेळ झाल्यावर कडेला बसून उगाच वेळ घालवायची सोय तिथे नाही, आणि जागेची ओळख होते ती त्याच फुकटच्या वेळात.

‘गाव सुटलं’ हा शब्द मघाशी मी एका फुटबॉल क्लबसाठी सहज वापरला, तो नवी मुंबईत जपून वापरायला हवा. हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. या जमिनींसाठीच्या १९८४ च्या आंदोलनात इथे पाच जणांनी प्राण दिले. विमानतळासाठी दहा गावं उठली, चिंचपाडा, कोपर, तरघर, कोंबडभुजे. त्यांच्या गावदेव्या नव्या जागी बसवल्या. त्या लोकांपुढे स्टेडियमचं रडगाणं गाणं बरं दिसत नाही. तरीही गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळावा म्हणून लोकनेते दि. बा. पाटलांच्या मागे ही माणसं उभी राहिली तेव्हा त्यांची मागणी नुसत्या पैशांची नव्हती. आम्हाला धरल्याशिवाय आमच्याबद्दल ठरवू नका, हीच होती. नवी मुंबईला हा मुद्दा बाहेरून शिकायची गरज नाही.

मुंबईत स्टेडियम बदलल्याचा मोठा किस्सा आहे तो क्रिकेटचा. ब्रेबॉर्न स्टेडियमवर तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचं बिनसलं आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियम झालं. जानेवारी १९७५ मध्ये पहिल्या कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ काढल्या. लोकांनी वानखेडे पटकन स्वीकारलं, आणि त्याचं एक कारण अगदी साधं आहे. उतरायचं स्टेशन चर्चगेटच राहिलं. आता ठाणे जिल्ह्यात, भिवंडीजवळ आमणे इथे एक लाख प्रेक्षकांच्या स्टेडियमची चर्चा आहे. माझा विरोध नाही, उलट ठाण्याच्या वाट्याला काहीतरी येतंय. फक्त समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी असलेल्या त्या जागी सामना संपल्यावर रात्री बाराला डोंबिवलीचा माणूस घरी कसा जाणार, याचं उत्तर पहिल्या नकाशातच असावं.

विचारायचं कुणाला, हा अवघड भाग. माझा मावसभाऊ २००२ पासून एव्हर्टनचा आहे. सोळा वर्षांच्या वेन रूनीने आर्सेनलविरुद्ध लांबून मारलेला तो गोल त्याने पाहिला तेव्हा तोही सोळाचाच होता. त्याचं दुःख खरं आहे, मी ते डोळ्यांनी पाहिलं. तरी गुडिसनच्या बाबतीत त्याला मत नसावं असंच मी म्हणेन. तो चिडेल. पण टीव्हीवरच्या माणसाला मैदान हललेलं कॅमेऱ्याच्या कोनातून कळतं. दर पंधरवड्याला बसचं तिकीट काढणाऱ्याला ते खिशातून आणि पायांतून कळतं. मत त्याचं. आजूबाजूच्या दुकानदाराचं. सामन्याच्या दिवशी ज्याच्या दारात गाड्या लागतात त्या रहिवाशाचंही, आणि ते बहुतेक विरोधात असेल. आमच्याकडे मैदान हलवायचं असेल तर तिथे नोंदलेले संघ, शेजारच्या शाळा, रोज सकाळी फेऱ्या मारणारे, या सगळ्यांची सभा त्याच मैदानावर घ्यावी, रविवारी सकाळी. नवी जागा तासाभराच्या आत गाठता येणारी असावी. आणि नव्या मैदानावर खेळ सुरू होईपर्यंत जुन्यावर कुदळ पडू नये. पुनर्विकासात भाडं आणि तात्पुरती जागा मिळते की नाही? मग मुलांनी काय घोडं मारलंय?

एव्हर्टनने जाता जाता एक गोष्ट मात्र झकास केली. गुडिसन पाडायचं ठरलेलं होतं, ते आता महिला संघाला दिलं. मुली तिथे खेळतात. चर्च, लोखंडी फुल्या, कडेची रक्षा, सगळं जागच्या जागी आहे.

नव्या स्टेडियमवर लीगचा पहिला सामना झाला २४ ऑगस्टला, ब्रायटनविरुद्ध. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि गणपती तीन दिवसांवर आले होते. नव्या फ्लॅटमधला मावशीचा हा पहिलाच गणपती. काकांनी कधीकाळी सुताराकडून करून घेतलेलं लाकडी मखर भावाने माळ्यावरून काढलं होतं आणि ते हॉलच्या कोपऱ्यात बसत नव्हतं, कारण जुन्या घराच्या कोनाड्याच्या मापाचं होतं. टीव्हीवर एन्डियायेनेच पहिला गोल मारला. भावाने करवत खाली ठेवून उडी मारली.

“हे नवीन का रे?” मावशीने विचारलं.

“हो. कसं वाटतंय?”

तिने चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. “लख्ख आहे. तू टेप धर इकडची बाजू. डावीकडून एक वीत कापावं लागणार, उजवीकडची वेल राहू दे.”